परिचारिका आणि भूलविद्या : प्रवेशाची योग्य वेळ कोणती?

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातून दरवर्षी कित्येक मुली परिचर्येचे शिक्षण पुरे करून बाहेर पडतात. कोणी बेळगावच्या मोठ्या इस्पितळात रुजू होते, कोणी कोल्हापूर-मिरजेकडे जाते, तर कोणी मुंबई, बंगळूर किंवा आखाती देशांची वाट धरते. अमेरिकेत परिचारिकेला भूलविद्येचे उच्च शिक्षण घेता येते आणि पुढे ती स्वतःच्या हाताने रोग्याला भूल देते, हे यांपैकी काहींच्या कानावर आलेले असते. साहजिकच प्रश्न निघतो की, या शिक्षणासाठी अर्ज केव्हा करावा? परीक्षा उत्तीर्ण होताच, का काही वर्षे नोकरी करून? प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याच्या मागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो इतिहास डोळ्यांखालून घातल्यावाचून या प्रश्नाचे खरे उत्तर हाती येत नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथरची वाफ हुंगविली आणि त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया पार पडली. तोवर शस्त्रक्रिया म्हणजे रोग्याला चौघांनी दाबून धरायचे आणि शल्यवैद्याने शक्य तितक्या झपाट्याने हात चालवायचा, अशी रीत होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४७ मध्ये, ईथर कलकत्त्यास पोहोचले. त्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. क्लोरोफॉर्मला वास गोड, गुण झटपट. त्यामुळे ते लवकरच लोकप्रिय झाले. तथापि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देत असतानाच मरण पावली. क्षुल्लक शस्त्रक्रियेसाठी दिलेली भूल जीव घेऊ शकते, हे जगाला त्या दिवशी कळून चुकले.

त्या काळी भूल देण्याची साधने अगदी साधी होती. घडी घातलेला रुमाल किंवा तारेच्या सांगाड्यावर ताणलेले फडके नाकातोंडावर धरायचे आणि त्यावर औषधाचे थेंब सोडायचे. थेंब कमी पडले तर रोगी तळमळू लागे. जास्त पडले तर श्वास थांबे. या दोहोंमधली वाट शोधून देणारे यंत्र नव्हते. श्वासाची लय, ओठांचा रंग, डोळ्यांच्या बाहुल्या आणि बोटाखालची नाडी एवढ्यावरच सारी भिस्त असे. धोका केवळ औषधात नव्हता. ते देणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले, तर तोही तितकाच मोठा धोका होता.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच दक्षिण भारतात घडला. हैदराबादचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो आणि मग हृदय. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीची चिंता न करता श्वासावर नजर ठेवावी. या मताची शहानिशा करण्यासाठी निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठविले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले आणि निर्णय लॉरी यांच्या बाजूने लागला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतानाही हृदय एकाएकी विस्कळीत होऊन थांबू शकते. म्हणजे नुसता श्वास पाहणे पुरेसे नव्हते. श्वास आणि नाडी या दोहोंवर एकाच वेळी पहारा ठेवणे प्राप्त होते.

याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी या पारशी तरुणीने १८८५ साली वैद्यकशाळेत प्रवेश घेतला. शिक्षण संपल्यावर तेथील रुग्णालयांत तिने क्लोरोफॉर्म देण्याचे काम वर्षानुवर्षे केले. जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. १९०९ साली अधिक अध्ययनासाठी ती एडिंबरोला गेली, आणि तीही पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकण्यासाठी. वीस वर्षांच्या अनुभवानंतरही आपल्याला मूळ शास्त्र अधिक समजले पाहिजे असे तिला वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र रूपाबाई परिचारिका नव्हती; तिचे शिक्षण वैद्याचे होते. ब्रिटिश परंपरेत भूल देणे हे वैद्याचेच काम मानले गेले आणि भारतानेही तीच परंपरा उचलली. १८९१ मध्ये मुंबईत बाई काशीबाई गणपत परिचर्येच्या शिक्षणासाठी पुढे आल्या. एतद्देशीय परिचारिकांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. परंतु या नव्या व्यवसायाला भूल देण्याचा अधिकार मिळाला नाही.

अमेरिकेत मात्र निराळेच घडले, आणि त्याचा आरंभ धर्मभगिनींच्या इस्पितळांत झाला. १८७७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील ईरी गावी सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात सिस्टर मेरी बर्नार्ड यांच्याकडे भूल देण्याचे काम सोपविण्यात आले. हे काम करणारी नावानिशी ज्ञात असलेली पहिली परिचारिका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. असे का व्हावे? त्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. त्या काळी रुमाल धरण्याचे काम नवशिक्या डॉक्टराकडे असे. त्याचे सारे चित्त शल्यवैद्याच्या सुरीकडे लागलेले; कारण उद्या त्याला स्वतःला शल्यवैद्य व्हायचे होते. रोग्याचा चेहरा निळा पडू लागला तरी त्याच्या लक्षात येत नसे. शल्यवैद्यांना अशी व्यक्ती हवी होती की, जिला शस्त्रक्रिया पाहण्याची ओढ नाही आणि जी रोग्याच्या मुखावरून दृष्टी हलविणार नाही. धर्मभगिनी आणि परिचारिका यांच्यात हा गुण त्यांना आढळला.

मिनेसोटातील रॉचेस्टर गावी १८८३ साली मोठे वादळ झाले. त्यानंतर मदर आल्फ्रेड मोझ यांच्या फ्रान्सिस्कन भगिनींनी तेथे सेंट मेरीज रुग्णालय बांधले आणि १८८९ मध्ये ते सुरू झाले. शस्त्रक्रियेची जबाबदारी डॉक्टर मेयो व त्यांचे दोन पुत्र यांच्यावर होती. तेथे प्रथम ईडिथ ग्रॅहम आणि नंतर १८९३ पासून अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिका भूल देऊ लागल्या. मॅगॉबाईंनी आपले काम नीट टिपून ठेवले. १९०६ साली चौदा हजारांहून अधिक प्रसंगांचा आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांत भुलेमुळे ओढवलेला एकही मृत्यू नव्हता. त्यांची रीत काय होती? ईथर थेंबाथेंबाने द्यायचे, घाई करायची नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोग्याशी अखेरपर्यंत हळुवारपणे बोलत राहायचे. भ्यालेल्या माणसाला औषध अधिक लागते. धीर आलेल्या माणसाला ते थोडक्यात भागते. ज्या इस्पितळात एकाच दिवशी मराठी, कानडी, कोंकणी आणि उर्दू बोलणारे रोगी येतात, तेथे काम केलेल्या परिचारिकेला या शब्दांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पहिल्या महायुद्धात परिचारिकांच्या या कौशल्याची कसोटी लागली. क्लीव्हलंडच्या अगाथा हॉजिन्स यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना भूल दिली आणि इतर परिचारिकांनाही शिकविले. १९१८ साली ब्रिटिश सैन्यानेही आपल्या काही परिचारिकांना हे शिक्षण दिले. परंतु युद्ध संपताच ती प्रथा बंद पडली. अमेरिकेत ती टिकली, पण वादाशिवाय नव्हे. परिचारिकेने भूल देणे म्हणजे परवान्यावाचून वैद्यकी करणे होय, असा आक्षेप डॉक्टरांच्या एका वर्गाने घेतला. १९१७ साली केंटकीच्या न्यायालयाने आणि १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शल्यवैद्याच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणे कायदेशीर ठरविले. दरम्यान, १९३१ मध्ये हॉजिन्सबाईंच्या पुढाकाराने परिचारिका-भूलतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती.

येथून शिक्षणाचा इतिहास सुरू होतो, आणि अर्ज केव्हा करावा या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडू लागते. आरंभी हे शिक्षण गुरुशिष्यांच्या पद्धतीने चाले. रीतसर अभ्यासक्रम प्रथम १९०९ साली ओरेगॉनमधील पोर्टलंड येथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात निघाला. त्याची मुदत अवघी काही महिन्यांची होती. १९४५ साली संघटनेने पहिली प्रमाण-परीक्षा घेतली. १९९८ पर्यंत सर्व अभ्यासक्रम पदव्युत्तर दर्जाचे झाले. १ जानेवारी २०२२ पासून तर नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच्या पातळीचा अभ्यासक्रम घ्यावा लागतो, आणि त्याची मुदत किमान छत्तीस महिने असते. काही महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत हा अभ्यासक्रम वाढत गेला. औषधे वाढली, यंत्रे आली, अतिवृद्ध आणि अतिआजारी रोग्यांवरही शस्त्रक्रिया होऊ लागल्या, त्याचा हा परिणाम होय.

परंतु अभ्यासक्रम कितीही लांबला, तरी एक अट मात्र सुटलेली नाही. प्रवेश घेणारी व्यक्ती आधी अनुभवी परिचारिका असली पाहिजे. आजच्या नियमानुसार पदवी आणि परिचारिका म्हणून नोंदणी यांखेरीज अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचे पूर्णवेळ काम आवश्यक असते. हे एक वर्ष निव्वळ भरून काढण्यासाठी नसते. अतिदक्षता विभागातील परिचारिका कृत्रिम श्वसनयंत्रावरील रोगी सांभाळते; रक्तदाब उचलून धरणारे औषध क्षणाक्षणाला कमीजास्त करते; धमनीत बसविलेल्या नळीवरून येणारे आकडे वाचते आणि डॉक्टर येण्यापूर्वीच काय बिघडते आहे हे ओळखते. अशी परिचारिका स्वतः निर्णय घेऊ शकते, हे तिच्या कामातून दिसून आले पाहिजे, अशी नियमाचीही अपेक्षा आहे. मॅगॉबाईंना हे शहाणपण रुमालाच्या एका टोकाशी बसून मिळाले. आज ते अतिदक्षता विभागात मिळते. आधी रोगी पाहायला शिकावे आणि मग भूल द्यायला शिकावे, हा क्रम मात्र शंभर वर्षांत बदललेला नाही.

यावरून पहिले उत्तर निघते. परीक्षा उत्तीर्ण होताच अर्ज करणे व्यर्थ आहे, आणि वर्ष भरताच अर्ज करणे शक्य असले तरी ते नेहमीच शहाणपणाचे नाही. एक वर्ष ही दाराची चौकट आहे. तयारीचे माप नव्हे. रात्रपाळीत रोग्याचा रक्तदाब ढासळू लागला असता जिचे हात आधी थरथरत होते आणि आता थरथरत नाहीत, यंत्राचा गजर वाजला की जी यंत्राकडे न पाहता प्रथम रोग्याकडे पाहते, आणि आपण दिलेले औषध शरीरात नेमके काय करते हे जी नवशिक्या सहकारिणीला समजावून सांगू शकते, तिची वेळ आली असे समजावे. कोणाला यासाठी दोन वर्षे लागतील, कोणाला चार. रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र विस्मरणात गेले असेल, तर त्यांची उजळणीही अर्जाच्या आधी करावी. रूपाबाईंनी वीस वर्षांनंतर जे केले, ते आजच्या मुलीने आरंभीच करणे बरे.

तथापि सीमाभागातील मुलीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. आणि त्यांचा विचार न करता पुढे गेल्यास तिची काही वर्षे व घरच्यांचे कर्ज दोन्ही पणाला लागतात. पहिली गोष्ट अनुभवाची. अमेरिकेतील नियमाला मान्य असणारे अतिदक्षता विभागातील ते वर्ष अमेरिकेत, तिच्या अधिपत्याखालील प्रदेशांत किंवा तिच्या लष्करी रुग्णालयांत झालेले असावे लागते. बेळगावच्या अतिदक्षता विभागातील पाच वर्षेसुद्धा त्या एका वर्षाच्या जागी धरली जात नाहीत. मग ती पाच वर्षे वाया जातात काय? मुळीच नाही. त्यांच्याच बळावर तिला तेथील परिचारिका-परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरी मिळते आणि नव्या देशातील पहिले वर्ष ती निभावून नेते. परंतु हिशेब सरळ मांडावा. येथे काही वर्षे, मग तेथील नोंदणी व नोकरी, मग अर्ज, मग छत्तीस महिने. या छत्तीस महिन्यांत नोकरी करणे बहुधा जमत नाही. लग्न, मुले आणि आईवडिलांचे म्हातारपण हे सारे याच वर्षांत येऊन उभे राहते. म्हणून वेळ ठरविताना घरच्या सर्वांना बरोबर बसवून हा हिशेब मांडणे इष्ट.

दुसरी गोष्ट परतीची. ही विद्या घेऊन जी मायदेशी येईल, तिला येथे त्या पदवीच्या नावाने भूल देता येणार नाही. भारतात हे काम वैद्यकीय पदवीधराचे आहे. आडगावी प्रसूतीसमयी भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून शासनाने उपाय शोधला. तोही परिचारिकांना शिकविण्याचा नव्हे, तर एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे भूलशिक्षण देण्याचा. नेपाळने डॉक्टर नसलेल्या भूलसाहाय्यकांना शिक्षण दिले. स्वीडनमध्ये परिचारिका आणि डॉक्टर मिळून भूल देतात. भारताने वेगळी वाट धरली आहे. ती वाट योग्य की अयोग्य, याविषयी दुमत असू शकेल. परंतु अर्ज भरणाऱ्या मुलीला ती आधी ठाऊक असली पाहिजे.

मग या भूमीतच राहू इच्छिणाऱ्या परिचारिकेला पुढची पायरी नाही काय? आहे. या भागाची परिचर्येची परंपराही जुनी आहे. मिरजेस डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली उभे राहिले आणि १८९७ मध्ये तेथे परिचारिकांची शाळा निघाली. आगगाडीने जोडलेल्या बेळगावकडील रोग्यांना शस्त्रक्रियेसाठी मिरज जवळची होती. बेळगावात कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्थेने १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि मोठ्या इस्पितळांची सोय गावातच झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली आणि देशभर अभ्यासक्रमांना एक माप आले. २०२३ साली संसदेने या व्यवसायासाठी नवा आयोग नेमणारा कायदा संमत केला. नोंदणीचे रजिस्टर मात्र राज्याराज्यांत निराळे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचा एक परिणाम असा की, निपाणीच्या मुलीची नोंदणी बंगळूरच्या परिषदेत होते आणि काही मैलांवरच्या कागलच्या मुलीची मुंबईच्या परिषदेत. सीमा ओलांडून नोकरी धरायची, तर नोंदणीही ओलांडून न्यावी लागते. हे कागद वेळेवर न केल्यास अनुभवाचे दाखले अडतात. म्हणून अर्जाचा विचार मनात येण्यापूर्वीच ते नीट लावून ठेवावेत.

भारतात परिचारिकेला अतिदक्षता परिचर्या किंवा शस्त्रक्रियागृह परिचर्या यांची एक वर्षाची पदविका घेता येते. पदवीधर परिचारिकेला दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. २०१६ नंतर अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रमही आखण्यात आला. त्याची बरीचशी मुदत रोग्यांच्या सान्निध्यात जाते आणि प्रवेशासाठी येथेही एक वर्षाच्या अनुभवाची अट आहे. बारावी विज्ञान, म्हणजे या भागातील पी.यू.सी., झाल्यावर घ्यावयाचा भूल-तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम हा मात्र निराळा. तो परिचारिकेचा नव्हे, आणि तंत्रज्ञ भूलतज्ज्ञ डॉक्टरला साहाय्य करतो, स्वतंत्रपणे भूल देत नाही. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळ पालकांचा येथे घोटाळा होतो आणि मुलगी नको त्या दारात जाऊन उभी राहते. शाळा सोडतानाच हा भेद समजावून दिला, तर पुष्कळ मनस्ताप वाचेल.

शेवटी हा प्रश्न एका मुलीच्या अर्जापुरता राहत नाही. तालुक्याच्या गावी मध्यरात्री एखादी बाळंतीण अडते, शल्यवैद्य हजर असतो, पण भूल देणारा नसतो. मग तिला गाडीत घालून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागते. अशा रात्री इस्पितळात तिच्या उशाशी असते ती परिचारिका. तिला भूल देण्याचा अधिकार नसेल. पण श्वास कसा चालला आहे, रक्तदाब कोठे आला आहे, कोणत्या क्षणी थांबणे धोक्याचे आहे, हे तिला कळत असेल, तर वाटेतला जीव वाचण्याची आशा वाढते. म्हणून परदेशी जाण्याचा बेत असो वा नसो, अतिदक्षता विभागातील ती दोन-चार वर्षे प्रत्येक महत्त्वाकांक्षी परिचारिकेने मन लावून काढावीत. ती वर्षे पुरी झाली म्हणजे कोणत्या दारात अर्ज करायचा, हे तिचे तिलाच ठरविता येईल.